सांभाळ : कादंबरीतील एक अदृश्य कर्म

१

मराठीत ‘करणे’ या क्रियापदाचा एक प्रयोग असा आहे की, त्यात काय केले हे कोणी सांगत नाही. कोणाचे केले एवढेच सांगतात. ‘तिने सासूचे केले’, ‘थोरल्याने आईचे काही केले नाही’, ‘म्हातारपणी माझे कोण करील?’ अशी वाक्ये घरोघर ऐकू येतात. न्हाऊ घालणे, भरवणे, अंथरूण बदलणे, औषधाची वेळ राखणे, रात्री दोनदा उठून पाहणे, हे सारे त्या एका क्रियापदात सामावलेले असते आणि त्याची फोड करण्याची गरज बोलणाऱ्याला वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. ज्याचे केले जाते तो या वाक्यात षष्ठीच्या प्रत्ययापुरता उभा असतो. त्याला काय हवे होते, त्याने काही केले की नाही, याचा वाक्याशी संबंध नसतो. भाषेने या कर्माला वेगळे नाव न देता ते गृहीत धरले. वाङ्मयानेही बहुधा हेच केले आहे.

सांभाळाचे प्रकार अनेक. तान्ह्याचे करावे लागते, पण तान्हे वाढते. आजाऱ्याचे करावे लागते, पण आजारी बरा होतो किंवा जातो. वृद्धाचे करावे लागते, आणि तेथे शेवट दृष्टिपथात असतो. ज्याच्या बुद्धीची वाढ जन्मतः किंवा बालपणीच खुंटली अशा व्यक्तीचा सांभाळ या तिन्हींहून वेगळा आहे. तेथे बाल्य सरत नाही असे म्हणावे, तर शरीर वाढते, वासना जागतात, दाढी येते, केस पिकतात. अशा प्रौढाला ‘मोठे मूल’ म्हणण्याची जी रीत आहे ती सोयीची असली तरी खरी नाही. कारण मुलाला नसलेली एक गोष्ट, म्हणजे जगलेली वर्षे, त्याच्याजवळ असते. शिवाय येथे करणारा बहुधा आधी मरतो आणि ज्याचे केले तो मागे उरतो. ‘आमच्यामागे याचे कसे?’ हा प्रश्न म्हणूनच या घरांत रोज निजताना उभा राहतो.

कादंबरीला हा विषय का अवघड जातो, हे समजण्यासारखे आहे. कथात्म वाङ्मय घटनेवर जगते, सांभाळ आवर्तनावर चालतो. कालचा दिवस आजच्यासारखा गेला, हेच सांभाळाचे यश. आणि कालचा दिवस आजच्यासारखा गेला, हीच कथेची आपत्ती. व्यक्तिरेखेचा विकास हा कादंबरीचा मोठा आधार; येथे तो विकास दोन वर्षांत सदऱ्याची एक गुंडी लावता येणे एवढाच असू शकतो. ही अडचण टाळण्यासाठी लेखकांनी दोन वाटा काढल्या. अशा व्यक्तीला कशाचे तरी प्रतीक करून टाकणे ही पहिली. निष्पापतेचे, दैवी शहाणपणाचे, किंवा घराण्याच्या ऱ्हासाचे. दुसरी वाट म्हणजे तिला मारून टाकणे. जॉन स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ या १९३७ च्या कृतीत जॉर्ज हा मजूर आपल्या मंदबुद्धी सोबत्याला, लेनीला, गावोगाव बरोबर घेऊन हिंडतो. त्याच्या वतीने बोलतो, पुनःपुन्हा तेच समजावतो, रागावतो, आणि रागावल्याचा पश्चात्ताप करतो. एका माणसाने दुसऱ्याचे कसे करावे लागते याचे इतके रोखठोक चित्रण थोड्याच ठिकाणी आढळते. पण अखेरीस जॉर्जच लेनीवर गोळी झाडतो. कृतीच्या अंतर्गत तर्काला हा शेवट धरून आहे, यात वाद नाही. तरीही त्या गोळीने प्रश्न सुटत नाही, फक्त पुस्तक संपते, असे म्हणावे लागते.

२

भारतीय परंपरेत या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे भागवताच्या पाचव्या स्कंधातील जडभरताची कथा. पूर्वजन्मी राजा असलेला भरत ब्राह्मणकुळात जन्म घेतो आणि संगाच्या भयाने जड, मुका, बहिरा असल्याप्रमाणे वागतो. बाप मुलाच्या मायेने वसंत-ग्रीष्माचे चार महिने त्याला गायत्री शिकवू पाहतो. मुलाला ती नीट येत नाही. बाप मरतो. सावत्र भाऊ शिकवण्याचा नाद सोडून त्याला शेतात राबवतात. कण्या, पेंड, कोंडा, भांड्याच्या तळाची करपलेली खरवड असे जे पुढ्यात येईल ते तो अमृतासारखे खातो. पुढे भद्रकालीला बळी देण्यासाठी चोर त्याला धरून नेतात, आणि राजा रहूगणाच्या पालखीला खांदा द्यायलाही वाटेवरचा तोच सापडतो.

वेदान्ताचे आवरण क्षणभर बाजूला सारले, तर ही कथा विलक्षण लौकिक आहे. शिकवता शिकवता थकलेला बाप, बापामागे ‘खुळ्या’ भावाकडून फुकट राबवून घेणारे भाऊ, शिळ्यापाक्यावर भागवलेले त्याचे पोट, आणि ज्याला कोणी विचारणारा नाही त्याला कोणीही उचलून न्यावे ही स्थिती : ‘आमच्यामागे याचे कसे?’ या प्रश्नाचे इतके निर्दय उत्तर पुराणकाराला कल्पनेने सुचले असेल असे वाटत नाही. ते त्याने भोवतालच्या घरांत पाहिलेले असले पाहिजे. पण पुराणकाराला ते तेथेच ठेवणे शक्य नव्हते. त्याचा जड हा खरा जड नाही. तो ज्ञानी आहे आणि जडत्व हे त्याने घेतलेले सोंग आहे. रहूगणाला तो उपदेश करू लागतो तेव्हा श्रोत्याचा जीव भांड्यात पडतो. मात्र त्या समाधानाची किंमत कोण देतो, हे पाहिले पाहिजे. जो खरोखरीच जड आहे, जो पालखीखाली मुकाट चालेल आणि कधीच काही बोलणार नाही, त्याला या कथेत जागा उरत नाही. त्याचा मान राखण्यासाठी तो मुळात तसा नव्हताच असे ठरवावे लागले.

मराठी गद्याच्या आरंभकाळी या रीतीहून थोडे निराळे असे एक उदाहरण सापडते. महानुभाव पंथातील, म्हाइंभटांच्या नावे असलेले गोविंदप्रभूंचे चरित्र लोकदृष्टीला वेडे दिसणाऱ्या पुरुषाचे चरित्र आहे. भक्तांच्या लेखी तेही अवतारी पुरुषच. म्हणून त्यांच्या वेडाला बौद्धिक अक्षमता म्हणणे सर्वथा चूक ठरेल. पण चरित्रकाराची दृष्टी मात्र येथे कामाची आहे. ऋद्धिपूरच्या माणसांनी त्यांना न्हाऊ कसे घातले, काय जेवू घातले, त्यांचे रुसणे-हट्ट कसे सोसले, याच्या बारीकसारीक नोंदी त्याने लीळेमागून लीळा केल्या आहेत. उपदेशाचा आधार न घेता, रोजच्या वागण्याच्या नोंदींतून माणूस उभा करता येतो, हे तेराव्या शतकातील या मराठी गद्याने दाखवून दिले. पुढच्या कथाकारांनी हा धडा फारसा गिरवला नाही.

३

आधुनिक कादंबरीत या विषयाला निर्णायक वळण विल्यम फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ने १९२९ मध्ये दिले. तिचा पहिला भाग तेहतीस वर्षांच्या, बोलू न शकणाऱ्या बेंजीच्या जाणिवेतून सांगितलेला आहे. काळाचा क्रम त्याला ठाऊक नाही. एक वास, एक हाक, कुंपणाच्या खिळ्यात अडकलेला कपडा त्याला तीस वर्षे मागे नेतो. या तंत्राची चर्चा समीक्षेत विपुल झाली आहे. पण बेंजीच्या शेजारी दिवसभर कोण असते, याची चर्चा त्या मानाने तोकडी आहे. शेजारी असतो लस्टर, घरच्या निग्रो मोलकरणीचा किशोरवयीन नातू. त्याची तमाशासाठी जपलेली पंचवीस सेंटांची नाणी हरवली आहे. तो गवतात ती शोधतो आहे, बेंजीला दटावतो आहे, चिडवतो आहे, आणि तरीही त्याला सोडून जात नाही. सांभाळणाऱ्याला स्वतःची एक संध्याकाळ हवी असते, ही साधी गोष्ट फॉकनरने पाहिली. लस्टरची आजी डिल्सी बेंजीच्या वाढदिवसाचा केक स्वतःच्या पैशाने आणते आणि ईस्टरच्या दिवशी, लोक बोलतील याची पर्वा न करता, त्याला आपल्या लोकांच्या प्रार्थनामंदिरात घेऊन जाते. ज्यांचे रक्त त्याचे आहे त्यांतला एक भाऊ त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडायला टपला आहे. ज्यांना या घराने पिढ्यान्‌पिढ्या राबवले, तेच त्याचे करतात.

कादंबरीचा शेवट तर सांभाळ म्हणजे काय याचे मर्मच उघड करतो. लस्टर गावातल्या पुतळ्याला वळसा घालताना गाडी नेहमीच्या बाजूने न नेता उलट बाजूने नेतो, आणि बेंजी आक्रोश करू लागतो. गाडी वळवून नेहमीच्या बाजूला आणताच तो शांत होतो. घरे, खांब, दारे आपापल्या जागी पुन्हा ओळीने सरकू लागतात. अशा माणसाचे करणे म्हणजे केवळ माया करणे नव्हे. त्याचे जग कोणत्या क्रमाने लागलेले आहे, हे ठाऊक असणे हे ज्ञान आहे, आणि हे ज्ञान कोठल्याही पुस्तकात न मिळता केवळ वर्षांनी मिळते. डिल्सीजवळ ते आहे. पण फॉकनरने आणखी दोघांना ‘मी’ म्हणून बोलू दिले, त्यांत डिल्सी नाही; तिचा भाग लेखक बाहेरून सांगतो. करणारीला निवेदनाचा अधिकार मिळायला अजून अवकाश होता.

पर्ल बकच्या ‘द गुड अर्थ’ या १९३१ च्या कादंबरीत हा विषय वरवर पाहता गौण आहे. वांग लुंग या चिनी शेतकऱ्याची थोरली मुलगी दुष्काळाच्या वर्षी जन्मते. ती कधी बोलत नाही, उन्हात बसून चिंधीचा तुकडा पिळत हसत राहते. सारी वाचकांची सहानुभूती तिच्या त्या हसण्यावर थांबते. परंतु कादंबरीकर्त्रीने खरे वजन टाकले आहे ते दुसऱ्या एका ठिकाणी. वांग लुंगची बायको ओ-लान अंथरुणाला खिळते, तेव्हा प्रथमच घराला कळते की, चूल कोण पेटवत होते, म्हाताऱ्याकडे कोण पाहत होते, आणि या मुलीला सांजेला उचलून आत कोण आणत होते. कारण एका रात्री तिला आत आणायचे सगळेच विसरतात आणि सकाळी ती बाहेर कुडकुडत सापडते. ओ-लान पायांवर होती तोवर तिचे काम कोणालाच दिसले नव्हते. करणे थांबल्यावरच दिसते. या विषयाचा सगळा दुर्दैवी न्याय त्या एका रात्रीत आहे.

पुढे वांग लुंग म्हातारा होतो. आपण गेल्यावर मुलांपैकी कोणी तिला घास देणार नाही, हे त्याला कळून चुकलेले असते. म्हणून तो पेअर ब्लॉसम या तरुण उपपत्नीच्या हाती विषाची पुडी देतो : माझ्यामागे तिच्या भातात कालव. हा क्रूर माणूस नाही. मुलीवर त्याच्याइतके प्रेम घरात कोणाचेच नाही. प्रेमच येथे विषापर्यंत पोचते, याचे कारण प्रेमाला दुसरा वारस दिसत नाही. ती तरुणी पुडी वापरायला नकार देते आणि मुलीला आपली म्हणून पत्करते. प्रश्न सुटला असे वाटते खरे, पण तो सुटला आहे एका पराधीन स्त्रीच्या चांगुलपणावर. घराच्या, गावाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही व्यवस्थेवर नव्हे.

या प्रसंगामागे कोणता अनुभव होता, हे वाचकांना १९५० मध्ये कळले. त्या वर्षी पर्ल बकने ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू’ हे छोटे पुस्तक लिहून १९२० मध्ये चीनमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीची हकीकत प्रथमच उघडपणे सांगितली. १९२९ मध्ये तिने मुलीला न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथील संस्थेत ठेवले होते. आईबाप कायमचे नसतात, आणि मुलीला तिच्या बरोबरीच्यांत आपलेपणाची जागा हवी, असे त्या पुस्तकातील प्रतिपादन आहे. नोबेल पारितोषिक मिळून बारा वर्षे झालेल्या लेखिकेलाही हे सांगायला दोन दशके थांबावे लागले. कादंबरीतील बापाने जे विषाच्या पुडीत शोधले, ते आईने संस्थेत शोधले. दोघांचा प्रश्न एकच होता.

४

हा प्रश्न आयुष्यभराच्या लेखनाचा कणा करणारा लेखक म्हणून जपानच्या केन्झाबुरो ओए यांचे नाव घ्यावे लागते. १९३५ मध्ये शिकोकू बेटावर जन्मलेले आणि २०२३ मध्ये निवर्तलेले ओए १९९४ च्या नोबेलचे मानकरी. त्यांचा थोरला मुलगा हिकारी १९६३ मध्ये मेंदूच्या जन्मजात विकृतीसह जन्मला. शस्त्रक्रिया न केल्यास तो मरणार, केल्यास अक्षम राहून जगणार, असा पेच होता. तो जगला, आईबापांच्या घरीच वाढला, आणि पुढे संगीतरचनाकार म्हणून ओळखला गेला.

पहिली प्रतिक्रिया म्हणजे ‘अ पर्सनल मॅटर’ ही १९६४ ची कादंबरी. आफ्रिकेची स्वप्ने पाहणारा तिचा नायक बर्ड नवजात मुलाच्या मरणाची वाट पाहतो, ते घडवून आणू पाहतो, आणि शेवटच्या पानांत एकाएकी वळून मुलाला पत्करतो. हा पालट घाईचा आहे, असा आक्षेप जपानमध्ये तेव्हाच घेतला गेला. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे कारण नीट सांगितले पाहिजे. नायकाचा निर्णय खोटा नाही. निर्णय ही घटना आहे, आणि ओए तोवर घटनेच्या कलेत वावरत होते. कादंबरी मूल घरी आणण्यापाशी थांबते. सांभाळ जेथे सुरू होतो तेथे ती संपते.

सुमारे वीस वर्षांनी, १९८३ मध्ये आलेल्या ‘राउज अप ओ यंग मेन ऑफ द न्यू एज’ या कथामालेत तेच घर पुन्हा येते, पण आता घटनेची हाव उरलेली नाही. बापाला अक्षम मुलांसाठी जगातल्या सगळ्या गोष्टींच्या सोप्या व्याख्यांचे पुस्तक लिहायचे आहे. समाज, राज्यघटना, मृत्यू अशा व्याख्या तो करू पाहतो आणि प्रत्येक ठिकाणी अडतो. एकच व्याख्या साधलेली असते : पाय. बापाला संधिवाताचा विकार आहे. सुजलेल्या पायाने तो पडून असताना ‘ईयोर’ या घरगुती नावाने ओळखला जाणारा मुलगा बापाच्या तोंडाकडे न पाहता त्या पायाशीच हळुवार बोलतो, त्याची विचारपूस करतो. पुढे बाप परदेशातून परततो तेव्हा मुलगा बिथरलेला असतो. कोणी त्याच्या जवळ जाऊ शकत नाही. अखेर दोघांना जोडतो तो पुन्हा पायच. बापाने मुलाला जग समजावून द्यायचे, ही पुस्तकाची योजना. प्रत्यक्षात दुखऱ्या पायाजवळ कसे जावे हे मुलगाच बापाला दाखवतो. ज्याचे केले जाते, तोही करतो. मराठी वाक्यातील षष्ठीचा प्रत्यय येथे प्रथमच कर्ता होतो.

या कथामालेच्या अखेरीस वसतिगृहातून सुट्टीला घरी आलेला मुलगा ‘ईयोर’ या हाकेला ओ देत नाही. ते नाव मिल्नच्या बालकथांतील गाढवाचे. बापाने लाडाने ठेवलेले. वीस वर्षांच्या मुलाला आता आपले खरे नाव हवे आहे, आणि हे बापाच्या आधी धाकट्या भावाला कळते. तो त्याला ‘हिकारी’ म्हणून हाक मारतो, आणि दोघे भाऊ बरोबरच जेवणाला येतात. लाडाचे नावसुद्धा माणसाला बाल्यात कोंडून ठेवू शकते, आणि सांभाळणाऱ्याने आपल्या प्रेमाचीही वेळोवेळी तपासणी करावी लागते, असा या शांत प्रसंगाचा निष्कर्ष आहे. ओए यांनी तो बोलून दाखवला नाही, हे त्यांच्या कलेचे संयमन.

परंतु सांभाळाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती १९९० ची ‘अ क्वाएट लाइफ’ होय. येथे निवेदक बाप नाही. बाप, जो कादंबरीकार आहे, मनाच्या एका कोंडीतून सुटण्यासाठी पत्नीसह कॅलिफोर्नियाला निघून गेला आहे. घरी आहेत विशीतली मा-चान, तिचा थोरला भाऊ ईयोर आणि परीक्षेच्या अभ्यासात बुडालेला धाकटा भाऊ. मा-चान आईसाठी घराची रोजनिशी लिहिते : कर्मशाळेत जाणे-येणे, संगीताचे शिक्षक, फेपऱ्याचे झटके, पोहण्याचा तलाव. फॉकनरने डिल्सीला जे दिले नाही ते, म्हणजे ‘मी’ म्हणण्याचा अधिकार, ओए यांनी बहिणीला दिला. त्यासाठी त्यांना स्वतःला, थोर लेखकाला, घराबाहेर काढावे लागले. मुलाचे दुःख लिहून कीर्ती मिळवणारा बाप दूर आहे आणि त्याच्या मुलाचे रोजचे करणे एक मुलगी करते आहे. आत्मपरीक्षणाचा एवढा कठोर आविष्कार आत्मकथनातही सहसा आढळत नाही.

कादंबरीच्या नावाचा उगमही येथेच आहे. लग्नाचा विषय निघतो तेव्हा मा-चान म्हणते की, आपण ईयोरला बरोबर घेऊन जाणार, तेव्हा नवऱ्याकडे निदान दोन खोल्यांचे बिऱ्हाड हवे. तेथे शांतपणे राहता आले म्हणजे झाले. वांग लुंगचे विष, पर्ल बकची संस्था, आणि या मुलीच्या मनातल्या दोन खोल्या, अशी ही एकाच प्रश्नाच्या उत्तरांची परंपरा आहे. मात्र मा-चानचे उत्तर गोड मानून चालणार नाही. विशीतल्या मुलीने स्वतःच्या संसाराची मोजणी भावाच्या खोलीपासून सुरू करावी, यात घराने तिच्याकडून न विचारताच काही घेतले आहे, आणि आईबापांनाही याची जाणीव अस्वस्थ करते.

या कृतीचा गाभा मात्र एका चुकीच्या वाचनात आहे. ईयोर एक संगीतरचना करतो आणि तिला ‘टाकलेले मूल’ या अर्थाचे नाव देतो. मा-चान हादरते. आईबाप परदेशी गेले, म्हणून भाऊ स्वतःला टाकलेला समजतो, असा तिचा तर्क. कोणाही सहृदयाचा तोच होईल. पुढे, शिकोकूतील आजीच्या गावी, उलगडा होतो. कर्मशाळेतील मंडळी बाग झाडायला जात. तेथे कधी एक टाकलेले मूल सापडले होते. आपण झाडत असताना असे मूल दिसले तर त्याला वाचवायचे, हे ईयोरच्या मनात होते, आणि रचना त्या वाचवण्याची होती. म्हणजे सगळ्यांनी ज्याला टाकलेले मूल मानले, तो स्वतःला मूल उचलून घेणारा समजत होता. सर्वांत जवळच्या, सर्वांत प्रेमळ वाचकालाही त्याच्यात आधी दैन्यच दिसले. हा दोष मा-चानपेक्षा करुणेचा आहे. करुणा समोरच्याला दुःखी धरूनच पुढे येते. त्याच्या मनात दुसऱ्याविषयी करुणा असू शकेल, हे तिच्या लक्षात येत नाही. वाङ्मयात आजवर आलेल्या बहुतेक ‘खुळ्यां’चे वाचन याच चुकीने झाले आहे.

५

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो मराठी समीक्षेला अपरिचित नाही. सांभाळाचे चित्रण खरे आहे की नाही, हे पाहणे समाजशास्त्राचे काम. कलाकृतीची कसोटी तिच्या अंतर्गत संगतीत आहे, असे कलावादी म्हणेल. पण वरील उदाहरणे याच्या उलट साक्ष देतात. करणारा अदृश्य राहिला की दोष आधी रूपातच उमटतो. त्याच्याविना उभी केलेली अक्षम व्यक्ती अधांतरी राहते. तिला कोण जेवू घालते हे न दाखवल्याने ती हवेवर जगणारी आकृती होते, आणि हवेवर जगणाऱ्या आकृतीला प्रतीक होण्यावाचून गती नसते. भावविवशता हा कलेचा दोष आहे, आणि या विषयात ती नेमकी तेथे शिरते जेथे श्रम गाळले जातात. जीवनवादी ज्याला अन्याय म्हणेल आणि कलावादी ज्याला विसंगती म्हणेल, ती येथे एकच गोष्ट आहे.

या कसोटीवर भारतीय वाङ्मयाची झडती मोठी व्हायला हवी. ओ. व्ही. विजयन यांच्या ‘खसाक्किन्टे इतिहासम्’ या १९६९ च्या मलयाळम कादंबरीतील अप्पुक्किळी हा या प्रांतातला एक संस्मरणीय पुरुष. वयाने वाढलेला, बुद्धीने न वाढलेला हा चतुर पकडत हिंडतो आणि रवीच्या एकशिक्षकी शाळेत मुलांत येऊन बसतो. त्याला एक घर नाही, सगळे खसाक आहे. गावाने मिळून एखाद्याचे करावे ही कल्पना येथे जिवंत होते. पण अप्पुक्किळीभोवती दंतकथेचे धुके इतके दाट आहे की, त्या गावपणातले श्रम त्यात बरेचसे झाकले जातात.

मराठीत जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकाने हा विषय मध्यमवर्गीय बिऱ्हाडाच्या चार भिंतींत आणला आणि मतिमंद मुलाच्या आईबापांना प्रेक्षकांपुढे उभे केले. १९९१ च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटानेही तो सर्वदूर नेला. या दोन्हींचे श्रेय निर्विवाद आहे. रंगभूमीची आणि पडद्याची एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी लागते : तेथे अक्षम व्यक्ती एक धडधाकट नट उभी करतो, आणि प्रेक्षकांची दाद साहजिकच त्या कायिक अभिनयाला जाते. शेजारी उभ्या असलेल्या आईच्या थकव्याला अभिनयाचा असा झगमगाट नसतो. आवर्तनाचे चित्रण करायला दोन-तीन तासही अपुरे पडतात. ते काम कादंबरीचे आहे, आणि मराठी कादंबरीने ते अजून पुरतेपणी अंगावर घेतलेले नाही.

साहित्याच्या मानाने कायदा याबाबतीत पुढे गेला, असे म्हणण्याची वेळ आली आहे. २०११ च्या जनगणनेत या अक्षमतेच्या सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. त्याआधी, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकांच्या मृत्यूनंतर अशा व्यक्तींचा सांभाळ कसा होईल, हा विषय आपल्या उद्दिष्टांतच घेतला आणि प्रौढ अक्षम व्यक्तीला पालक नेमून देण्यासाठी जिल्हा पातळीवर समित्यांची तरतूद केली. जो प्रश्न आई निजताना कुजबुजत होती, तो अधिनियमाच्या भाषेत प्रथमच लिहिला गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणखी दोन गोष्टी केल्या. मोबदला घेऊन वा न घेता सांभाळ करणाऱ्याची, त्यात आईबाप व घरची माणसेही आली, त्याने व्याख्या केली. आणि पालकत्व मर्यादित ठरवून, पालक व व्यक्ती यांनी मिळून, व्यक्तीच्या इच्छेनुसार निर्णय घ्यावा, असे तत्त्व मांडले. करणाऱ्याला नाव आणि ज्याचे केले जाते त्याला इच्छा, हे दोन्ही कायद्याच्या रुक्ष कलमांत आले. व्यवहारात ते कितपत उतरले, हा वेगळा प्रश्न. पण कल्पना तरी केली गेली. कल्पना करणे हे वाङ्मयाचे काम मानले जाते.

यापुढे अशा विषयावरील कृती समोर आली की समीक्षकाने तिला काही साधे प्रश्न विचारावेत. या माणसाला सकाळी कोण उठवते? जो उठवतो त्याला स्वतःचा एखादा दिवस आहे काय? हा माणूस कोणासाठी काही करतो काय, आणि ते करताना लेखकाने त्याला पाहिले आहे काय? घरातील ही माणसे संपल्यावर तो कोठे असेल, याचा विचार कृतीने केला आहे, की मरण किंवा चमत्कार आणून तो टाळला आहे? हे प्रश्न गद्य आहेत. त्यांची उत्तरे देऊ न शकणारी कृती सुंदर असू शकेल. पण तिचे सौंदर्य ओ-लानच्या श्रमावर उभ्या असलेल्या त्या घरासारखे असते. ती उठेनाशी झाली की चूल पेटत नाही, आणि तेव्हाच कळते की ते घर कोण चालवत होते.